गच्चीवरचा पाऊस, कुंपणाजवळचा बहावा आणि हवामानबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पुण्यात घराच्या गच्चीवर पाऊस मोजतो आणि गल्लीतल्या चार झाडांकडे दर रविवारी बघून वहीत खुणा करतो. शास्त्रज्ञ नाही. पण लोक विचारतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

नागरिक विज्ञान म्हणजे नक्की काय?

ज्यांचा पोटापाण्याचा धंदा संशोधन नाही, अशा लोकांनी ठरलेल्या पद्धतीने नोंदी घ्यायच्या आणि त्या सगळ्यांना वापरता येतील अशा ठिकाणी ठेवायच्या. ‘ठरलेल्या पद्धतीने’ हे शब्द महत्त्वाचे. ‘यंदा उकाडा फार आहे बुवा’ हे विज्ञान नाही. ‘सोमवारी सकाळी साडेआठला मापात १२ मिमी पाणी होतं’ हे आहे.

आपल्याकडची लोकविज्ञान चळवळ विज्ञान लोकांपर्यंत नेत आली. इथे प्रवास उलटा आहे, लोकांकडून विज्ञानाकडे.

उपग्रह आहेत, रडार आहेत. माझ्या बाटलीतल्या पाण्याची गरज कुणाला?

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी, पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७३ मिमी. मुंबईला एकच वेधशाळा असती आणि ती कुलाब्याला असती, तर कागदोपत्री तो दिवस ‘जोरदार पाऊस’ एवढ्यावर मिटला असता.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात हेच घडलं. जुलै १९९७ मध्ये शहराच्या एका टोकाला १४ इंचांहून जास्त पाऊस कोसळला, तर काही किलोमीटरवर दोन इंचसुद्धा नाही. पाच माणसं गेली. पाणी किती वाढतंय हे वेळेवर कळलं नाही, कारण जिथे पाऊस पडत होता तिथे मोजणारं कुणी नव्हतं. तिथले हवामानशास्त्रज्ञ नोलन डोस्केन यांनी पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, घरोघरी पर्जन्यमापक लावणाऱ्यांचं एक जाळं सुरू केलं. कोकोराझ हे त्याचं नाव. चार इंच व्यासाचं प्लॅस्टिकचं साधं माप, रोज सकाळी एक आकडा. आज अमेरिका आणि कॅनडात मिळून वीस हजारांहून जास्त लोक त्यात आहेत. तिथल्या राष्ट्रीय हवामान खात्याचे लोक पुराचा अंदाज बांधताना हे आकडे बघतात आणि दुष्काळाचा साप्ताहिक नकाशा करणारेही.

उपग्रह वरून ढग बघतो आणि त्यावरून पावसाचा अंदाज करतो. तो अंदाज बरोबर आला की नाही, हे जमिनीवरच्या मापावरूनच ताडून बघावं लागतं.

महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत ना?

आहेत, आणि ती असणं मोठी गोष्ट आहे. पण एका मंडळात बरीच गावं येतात. ओढ्याच्या अलीकडे सोयाबीन वाहून गेलं आणि पलीकडे धूळ उडतेय, हे दृश्य मराठवाड्यातल्या कुणालाही नवं नाही. पीकविम्याच्या वेळी ‘आमच्या शिवारात एवढा पाऊस झालाच नव्हता’ किंवा ‘त्याहून जास्त झाला होता’ हा वाद दरवर्षीचा. गावकऱ्याच्या वहीतला आकडा विमा कंपनी उद्या मान्य करेल, असं मी म्हणत नाही. पण पाच गावांत, पाच घरी, एकाच पद्धतीने तीन वर्षं लिहिलेल्या वह्या असतील, तर निदान बोलायला काही तरी हातात असतं.

घरच्या घरी पर्जन्यमापक कसा करायचा?

सगळ्यात सोपी युक्ती नरसाळ्याची. ११.३ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं. ते एका बाटलीवर घट्ट बसवा. सकाळी बाटलीतलं पाणी औषधाच्या किंवा प्रयोगशाळेच्या मिलिलिटरच्या मापाने मोजा. १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. व्यास वेगळा असेल तर मिलिलिटरला तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा आणि दहाने गुणा. सरळ बाजूंची बाटली कापून, पट्टी चिकटवूनही माप होतं. पण कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड खोलगट-उंचवट्याचं असतं, म्हणून आधी तळाशी खडे आणि पाणी घालून शून्याची रेघ आखून घ्यावी लागते.

खरी गंमत जागेची आहे. भिंत, झाड, टाकी, जे काही जवळ उभं असेल, त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर माप हवं. मी पहिल्या वर्षी माप गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडपाशी ठेवलं होतं, सोय म्हणून. जुलैभर माझ्याकडे शहरातल्या कुणाहीपेक्षा जास्त पाऊस. ग्रुपवर फुशारकी मारून झाली. मग एका रात्री पाऊस चालू असताना छत्री घेऊन वर गेलो, तर पत्र्याची पन्हळ थेट नरसाळ्यात शिंतोडे उडवत होती. त्या वर्षाचा जुलै मी वहीत लाल शाईने खोडला, पण पान फाडलं नाही.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. भारतीय हवामान खातं देशभर याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. सकाळी नऊला मोजणारा आणि रात्री झोपताना मोजणारा यांची तुलना होत नाही.

एक मिलिमीटर म्हणजे किती पाऊस?

एक चौरस मीटरवर एक लिटर. एका गुंठ्यावर साधारण शंभर लिटर. शेतकऱ्याला हा हिशोब सांगितला की मिलिमीटर लगेच ओळखीचा होतो. आता हवामान खात्याच्या मोजपट्टीवर ठेवून बघा. दिवसात ६४.५ मिमी ओलांडलं की ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’.

जाता जाता ‘ढगफुटी’बद्दल. तासाभरात १०० मिमीच्या वर, तेही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत, तेव्हा ढगफुटी. व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात आठवड्याला दोन होतात. हाताशी माप असलं की माणूस हा शब्द जरा जपून वापरतो.

पाऊस पडलाच नाही, तर काय लिहायचं?

शून्य. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कमी पाळलं जातं.

लोक मुसळधार पावसाच्या दिवशी हौसेने नोंद करतात, कोरड्या दिवशी वही उघडत नाहीत. मग वही वाचणाऱ्याला कळत नाही की ऑगस्टचे ते अकरा दिवस पावसाने ओढ दिली होती, की वहीवाला काकांच्या घरी लग्नाला गेला होता. पावसाचा खंड हा खरिपाचा जीव घेणारा प्रकार आणि तो फक्त शून्यांतूनच दिसतो. म्हणून तीन खुणा वेगळ्या ठेवा. माप बघितलं आणि ते कोरडं होतं, तर ०. तळ नुसता ओलसर, मोजण्याइतकंही पाणी नाही, तर ‘भुरभुर’. माप बघितलंच नाही, तर आडवी रेघ. रेघ आणि शून्य यांची गल्लत म्हणजे वहीचा सत्यानाश.

बाहेरगावाहून चार दिवसांनी आलात आणि मापात ४० मिमी निघालं, तर ते चार दिवसांचं एकत्र म्हणून लिहा. रोजचे दहा-दहा करून वाटून टाकू नका.

एका घरच्या नोंदीवरून हवामानबदल कसा कळणार?

नाही कळणार, निदान पाच वर्षांत तरी नाही. हवामानशास्त्रात ‘सरासरी’ म्हणतात ती तीस वर्षांची किंवा त्याहून लांब काळाची असते. भारताच्या नैऋत्य मोसमी पावसाची सध्याची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि ती १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली आहे. एखाद्या जूनमध्ये पाऊस उशिरा आला म्हणून ‘बघा, हवामानबदल’ असं म्हणणारा आणि पुढच्या जूनमध्ये वेळेवर आला म्हणून ‘कुठाय हवामानबदल’ म्हणणारा, दोघं एकाच बाकावरचे.

लांब नोंदीत काय ताकद असते, ते जपानच्या क्योतो शहरात बघावं. तिथे चेरीचा बहर कधी आला, याचे उल्लेख इसवी सन ८१२ पासून सापडतात. दरबारी लोकांच्या रोजनिशा, मठांतल्या बखरी, बहर बघायच्या मेजवान्यांची वर्णनं. लिहिणाऱ्यांना हवामानाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फुलं आवडायची. ओसाका इथले संशोधक यासुयुकी आओनो यांनी या तारखा वेचून एक मालिका उभी केली. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. त्याआधीचा विक्रम २७ मार्च १४०९ चा. गेल्या शतकाभरात तारखा सरकत सरकत अलीकडे आल्या आहेत. त्यात शहराच्या सिमेंटच्या उष्णतेचा वाटा आहे आणि तापत्या पृथ्वीचाही.

पाऊस चार महिनेच असतो. बाकीचे दिवस काय करायचं?

झाडं बघा. ‘सीझनवॉच’ हा भारतातला प्रकल्प २०१० च्या सुमारास सुरू झाला. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था तो चालवते. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाची नोंद करायची. कोवळी पालवी, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, यांपैकी प्रत्येक गोष्ट अजिबात नाही, थोडी आहे की खूप आहे, एवढंच. दोन मिनिटांचं काम. केरळच्या शाळांनी हा प्रकल्प अक्षरशः डोक्यावर घेतला आणि देशातल्या नोंदींचा मोठा वाटा तिथूनच येतो. बहावा तिथे विषूचं, म्हणजे केरळच्या नववर्षाच्या सणाचं फूल. विषू असतो एप्रिलच्या मध्यावर, पण मुलांच्या नोंदींत बहावा त्याच्या बराच आधी फुललेला दिसतो.

आता इथे एक खोच आहे. पूर्वी तो नेमका कधी फुलायचा, याची अशी नोंद नाही, आठवणी आहेत. त्यामुळे ‘अमुक दिवसांनी लवकर फुलतो’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आज केलेल्या नोंदीचा उपयोग आजच्यापेक्षा २०५० मध्ये जास्त आहे, ही या कामातली थोडी निराश करणारी बाब.

आपल्याकडे निवडायला बहावा, पळस, पांगारा, काटेसावर, जांभूळ, आंबा, काहीही चालेल. कोकणातल्या बागायतदाराला तर वेगळं शिकवायलाच नको. मोहर केव्हा आला, थंडी टिकली की नाही, पुन्हा मोहर फुटला का, हे त्याला तोंडपाठ असतं. फक्त तोंडपाठ असतं, लिहिलेलं नसतं.

आजी म्हणायची, पावशा ओरडला की पेरणी. चातक आला की पाऊस. यात काही तथ्य आहे का?

पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणतो ते त्याच्या विणीच्या हंगामामुळे. तो हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो, म्हणून पेरणीशी गाठ पडते. चातकाचं प्रकरण मात्र जास्त मजेदार आहे, आणि ते नागरिक विज्ञानानेच तपासलं.

२००७ मध्ये भारतात ‘मायग्रंटवॉच’ सुरू झालं. स्थलांतरित पक्षी तुमच्या भागात पहिल्यांदा कधी दिसला, ती तारीख कळवायची. त्यात चातकाची खास मोहीम झाली. देशभरातल्या तारखा नकाशावर मांडल्या, मोसमी पाऊस पुढे सरकल्याच्या तारखा शेजारी ठेवल्या. मध्य आणि उत्तर भारतात चातक साधारणपणे पावसाच्या थोडा आधी पोचतो, असं दिसलं. म्हणजे आजी बरोबर होती. पण दक्षिणेत चातक बारमाही राहतात, त्यामुळे तिथे हा आडाखा चालत नाही. आजीचा आडाखा तिच्या गावापुरता खरा होता, आणि तिनेही त्यापेक्षा जास्त दावा केला नव्हता.

नक्षत्रांचंही तसंच. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, तो सूर्याच्या गतीवर. पाऊस त्या दिवशी यायला बांधलेला नाही. पण ‘मृग कोरडा गेला’ हे वाक्य ज्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं वहीत लिहिलंय, त्याची वही फेकू नका.

पक्ष्यांच्या नोंदींचा हवामानाशी काय संबंध?

अमेरिकेत १९०० च्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी पक्षी मारण्याच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजण्याची टूम काढली. पहिल्या वर्षी २७ माणसं, २५ ठिकाणं. ती गणना आजतागायत चालू आहे. एवढ्या लांब मालिकेतून दिसलं, की तपासलेल्या ३०५ जातींपैकी निम्म्याहून जास्त जातींचा हिवाळी मुक्काम चाळीस वर्षांत उत्तरेकडे सरकला. सगळ्या जातींची सरासरी साधारण ३५ मैल. थंडी सौम्य झाली तसे पक्षी सरकले.

भारतात ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर लोक दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या टाकतात. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींची स्थिती मांडली आहे. इतकं काम पगारी माणसं ठेवून करायचं म्हटलं तर खर्चाचा आकडाच छाती दडपवेल. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते सगळे पक्षी लिहायचे. सगळे म्हणजे कावळे-कबुतरंसुद्धा. फक्त ‘भारी’ पक्षी लिहिणारी यादी शास्त्रज्ञांच्या फारशी उपयोगाची नसते.

मला घराबाहेर पडता येत नाही. मी काय करू शकतो?

वाचू शकता. मार्च २०२० मध्ये ब्रिटन टाळेबंदीत गेलं, तेव्हा रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी पावसाच्या जुन्या हस्तलिखित तक्त्यांची सुमारे ६६ हजार पानं इंटरनेटवर ठेवली आणि लोकांना म्हटलं, एवढे आकडे टंकून द्या. घरात अडकलेले सोळा हजार लोक धावले. पन्नास लाखांहून जास्त आकडे सोळा दिवसांत उतरवून झाले. प्रत्येक आकडा एकापेक्षा जास्त लोकांनी वाचायचा, जुळला तरच धरायचा. त्यामुळे ब्रिटनच्या अधिकृत पावसाच्या नोंदी १८३६ पर्यंत मागे गेल्या. १८५५ हे वर्ष सगळ्यात कोरडं होतं, हेही त्यातूनच कळलं.

हे वाचून मला आपल्या घराघरांतल्या ट्रंका आठवतात. साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची रजिस्टरं, धरणावरच्या चौकीदाराच्या वह्या, शाळेच्या दप्तरातली पीकपाणी आणि पावसाची टाचणं, आजोबांची डायरी. रद्दीत घालण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा. पान सरळ, उजेड चांगला, आणि गावाचं नाव फोटोत येईल असं.

हौशी लोकांच्या नोंदींवर शास्त्रज्ञ विश्वास ठेवतात का?

डोळे झाकून नाही, आणि ठेवूही नये. शेजारच्या मापांशी ताडून बघतात, अशक्य वाटणारा आकडा असेल तर विचारतात, पक्षी चुकीचा ओळखलेला असेल तर स्थानिक जाणकार फोटो मागतो. ‘ईबर्ड’वर तुम्हाला असा प्रश्न आला तर तो अपमान समजू नका. चुका सगळ्यांच्या होतात. त्या विखुरलेल्या असतील तर हजारो नोंदींत विरून जातात. घातक ती एकाच दिशेची चूक. सगळ्यांचीच मापं झाडाखाली असतील, तर हजार वह्याही मिळून खोटंच बोलतील.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे नोंदी कुठे होतात. पुण्या-मुंबईच्या आसपास याद्यांची गर्दी आणि हिंगोली, परभणीकडे मोकळं रान. जिथे सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन फिरणारा वर्ग आहे तिथला निसर्ग नोंदला जातो. उष्णतेची झळ ज्यांना सगळ्यात जास्त लागते, त्यांच्या अंगणात माप नसतं. हे बोलायला अवघडच आहे, पण न बोलून चालत नाही.

यातून प्रत्यक्ष काही घडतं, की नुसत्या वह्याच भरतात?

केरळच्या वायनाडमध्ये ह्यूम सेंटर नावाची संस्था आहे. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या, मळेवाल्यांच्या घरी तिने दोनशेहून जास्त पर्जन्यमापक लावले. डोंगरउतारावर दोन दिवसांत किती पाऊस पडला, यावरून दरडीचा धोका सांगायचा, ही कल्पना. जुलै २०२४ मध्ये मुंडक्कई-चूरलमलाच्या वरच्या बाजूला आकडे चढत गेले, आणि २९ तारखेला संस्थेने जिल्हा प्रशासनाला धोका कळवला. ३० तारखेच्या पहाटे डोंगर खाली आला. शेकडो माणसं गेली.

तारीख आपल्या लक्षात राहण्यासारखी आहे. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं होतं. मग २०२१ ला तळीये, २०२३ ला इरशाळवाडी.

तर उत्तर असं: माप धोका दाखवतं. मापापासून गाव रिकामं करण्याच्या हुकमापर्यंतचा रस्ता सरकारने बांधायचा असतो, आणि तो नसेल तर वही अचूक असूनही माणसं मरतात. नागरिकांनी मोजलं म्हणून सरकारची वेधशाळा, सरकारचं उत्तरदायित्व संपत नाही. ‘लोकसहभाग’ या गोड शब्दाखाली खर्च टाळला जात असेल, तर तिथे ओरडावं. कोळसा किती जाळायचा, हेही माझ्या नरसाळ्याने ठरत नाही. पण ठरवणाऱ्यांसमोर आमच्या खोऱ्यात काय होतंय ते मांडायला आकडे लागतात, आणि ते दुसरं कुणी आणून देत नाही.

शाळेत करता येईल का?

येईल, फक्त मे महिन्याचा आणि दिवाळीच्या सुट्टीचा बंदोबस्त आधी करा. शाळेच्या नोंदी नेमक्या तेव्हाच तुटतात. शाळेजवळ राहणारी दोन मुलं आणि शिपाईमामा, एवढ्यावर भागतं. आणि चुकलेल्या आकड्याला गुण कापू नका, नाहीतर मुलं खिडकीतून आकाश बघून ‘१५ मिमी’ ठोकून देतील.

काही पैसे मिळतात का?

नाही.

माझं वय सदुसष्ट आहे. तीस वर्षांची मालिका मी कशी पुरी करणार?

काका, एकट्याने पुरी करायची नाहीच ती. क्योतोत बाराशे वर्षं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या मागे-पुढे कुणी आहे हे ठाऊकही नव्हतं. तुम्ही एवढं करा, वहीच्या पहिल्या पानावर सगळं स्पष्ट लिहा. माप कोणतं, नरसाळ्याचा व्यास किती, जमिनीपासून किती उंचीवर, गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात, जवळ झाड किती लांब आणि आज किती उंच. शेजारी इमारत उठली, तर ती तारीख. सूनबाईंनी वाळवणासाठी माप टाकीच्या बाजूला सरकवलं, तर तीही तारीख, आणि पुन्हा जागेवर आणलं ती पण.